रोजची सायकल: पायाला सोसेल असे पायडल कसे निवडावे?

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास आपल्या वस्तीतून बाहेर पडणाऱ्या सायकली एकदा मोजून पाहा. सफाईच्या कामावर जाणारे, वॉचमनची पाळी बदलायला निघालेले, एमआयडीसीतले कामगार, नाक्यावर उभे राहणारे गवंडी आणि बिगारी, पेपर टाकणारी मुले. थोड्या वेळाने शाळा-कॉलेजच्या मुली. सायकलीमुळे भाडे वाचते आणि बसची वाट पाहावी लागत नाही. म्हणून या सायकलची आपण काळजीही घेतो. हवा बघतो, ब्रेक बघतो, चेनला तेल घालतो. पायडलकडे मात्र ते तुटून पडेपर्यंत लक्ष जात नाही. काही सायकलींचे पायडल संपून नुसती लोखंडी दांडी उरलेली असते आणि त्या दांडीवर पाय ठेवून माणूस महिनोन्‌महिने कामावर जातो.

मग तळपाय जळजळतो, बोटांना मुंग्या येतात, गुडघा रात्री ठणकतो, नडगी सोललेली असते. "वय झाले", "दिवसभर उभे राहतो म्हणून दुखते" असे म्हणत आपण बाम चोळतो. वय आणि काम ही कारणे असतातच. पण रोज हजारो वेळा ज्या चार बोटांच्या तुकड्यावर आपण जोर देतो, तो तुकडा कसा आहे हेही पाहायला हवे. हातावर पोट असलेल्या घरात गुडघा आठ दिवस आखडला तर आठ दिवसांचा रोज बुडतो. म्हणून या वेळी आम्ही पायडल हाच विषय घेतला आहे.

पायाखाली नेमके काय होते?

हिशोब करून पाहू. घरापासून कामाची जागा २० मिनिटांवर आहे असे धरा. येणे-जाणे मिळून ४० मिनिटे. साध्या चालीने सायकल चालवताना पायडल मिनिटाला साधारण ६० फेरे घेते. म्हणजे दिवसाला २,४०० फेरे आणि महिन्यात २५ दिवस कामावर गेलो तर ६०,००० फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पाय एकदा जोर लावतो. चढावर किंवा कॅरिअरवर ओझे असताना तो जोर आणखी वाढतो.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. बोटांच्या मागचा जो रुंद, गादीसारखा भाग असतो त्याला आपण चवडा म्हणतो. पायडलवरचा जोर मुख्यतः या चवड्यातून जातो. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे बारीक नसा जातात. पायडल अरुंद असेल तर सगळा भार दोन-तीन हाडांवर येतो, मधल्या नसा दाबल्या जातात आणि बोटे बधिर होतात.

शिडीवर काम करणाऱ्या रंगाऱ्याला हे लगेच समजेल. बांबूच्या शिडीच्या गोल पायरीवर अर्धा तास उभे राहिले की तळपायात कळ येते. त्याच उंचीवर परातीची फळी टाकली तर दिवसभर उभे राहता येते. वजन तेच, पाय तोच. फरक एवढाच की फळीवर भार सगळ्या पावलात वाटला जातो. अरुंद किंवा मोडके पायडल म्हणजे शिडीची गोल पायरी. रुंद, सपाट पायडल म्हणजे फळी.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. पायडलची आस वाकलेली असेल तर प्रत्येक फेऱ्यात पाऊल एका अंगाला कलते आणि त्याच्यासोबत गुडघाही आत-बाहेर जातो. चालताना एका बुटाची टाच झिजलेली असेल तर जसे होते, तसेच हे. तिसरी गोष्ट घसरण्याची. पावसात किंवा तेलकट बुटाने पाय घसरला की पायडल उलटे फिरून नडगीवर आदळते, कधी तोल जाऊन माणूस वाहनांच्या मधे पडतो.

आधी घरचे पायडल तपासा

नवीन घेण्याआधी जुने तपासू. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला कसलेही हत्यार लागत नाही.

१. सायकल स्टँडवर लावा. पायडल बोटांनी हळू फिरवा. ते सरळ फिरते की लाटेसारखे डोलते? डोलत असेल तर आस वाकली आहे. अशा पायडलला ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही, बदलावे.

२. फिरवताना करकर आवाज येतो का, अडकते का? आत छर्रे असतात. ग्रीस संपले किंवा छर्रे फुटले की पायडल जड होते. काही पायडल उघडून ग्रीस भरता येते. सायकल दुरुस्तीवाल्याला आधी तेवढेच करून बघायला सांगा.

३. पायडल दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखडले तर सैलपणा कुठे आहे ते बघा. पायडलच्या आत असेल तर छर्रे किंवा कोन झिजले आहेत. दांड्याला जोडतो तिथे असेल तर ते लगेच घट्ट करून घ्या. सैल पायडल चालवत राहिले तर दांड्यातले आटे खराब होतात आणि मग पायडलसोबत दांडाही बदलावा लागतो.

४. वरचा पृष्ठभाग बघा. रबराचा एक ठोकळा गेला आहे का, कोपरा तुटला आहे का, खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत का? एका बाजूचा ठोकळा नसलेल्या पायडलवर पाय सतत तिरका राहतो.

५. आपला बूट किंवा चप्पल उलटी करून पाहा. तळाला एकाच जागी खोल खड्डा पडला असेल तर भार तेवढ्याच जागी येतो आहे.

यातल्या एकाही तपासणीत मोठा दोष निघाला नाही आणि पायही दुखत नसेल, तर नवीन पायडलवर पैसे खर्च करू नका.

कोणते प्रकार मिळतात?

रबरी ठोकळ्यांचे पायडल: जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलींना हे असते. चप्पल, सँडल, बूट, साऱ्यांना चालते. पायाला मऊ लागते, नडगीवर आपटले तरी जखम कमी होते. रबर नवे असताना पकड चांगली असते. झिजून गुळगुळीत झाले आणि त्यावर पाणी किंवा तेल पडले की मात्र फार घसरते.

प्लास्टिकचे पायडल: हलके, स्वस्त, गंजत नाही. यात दोन जाती दिसतात. एक पातळ आणि अरुंद, मधे पोकळ. हे दाबले तर वाकते आणि लवकर तुटते. दुसरे जाड नायलॉनचे, रुंद, वर उठावदार खाचा असलेले. रोजच्या कामाला हे दुसरे उत्तम. हातात घेऊन दोन्ही टोकांनी पिळून बघा. हाताच्या जोराने वाकत असेल तर घेऊ नका.

दातेरी पत्र्याचे पायडल: चारी बाजूंनी पत्र्याची पट्टी, तिला दाते आणि मधे पोकळी. जाड तळाच्या बुटाला पकड छान मिळते. पातळ चपलेतून मात्र पट्टीच्या कडा तळपायाला रुततात. पत्रा वाकला किंवा गंजला की कडा धारदार होतात.

ॲल्युमिनियमचे रुंद पायडल: मजबूत आणि सपाट. काहींवर पकडीसाठी बारीक खिळ्यांसारख्या पिना असतात. डोंगरउतारावर सायकल चालवणाऱ्यांसाठी त्या केलेल्या आहेत. पकड घट्ट मिळते, पण पाय सुटला तर नडगी फाडतात आणि स्वस्त बुटाचे तळ लवकर खातात. घरात लहान मुले त्याच सायकलभोवती खेळत असतील तर पिना नकोत. घ्यायचेच असेल तर बोथट उठाव असलेले घ्या.

बुटाला अडकणारे पायडल: काही दुकानांत बुटाच्या तळाला खटकन अडकणारे, शर्यतीचे पायडल दाखवतात आणि "यात ताकद कमी लागते" असे सांगतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधे बूट घालून सपाट पायडल मारणे आणि खास बूट अडकवून मारणे यांची तुलना केली होती. बेताच्या जोराने चालवताना शरीराला लागणाऱ्या ऊर्जेत फरक दिसला नाही. आपल्याला चौकात दर दोन मिनिटांनी पाय खाली टेकावा लागतो. त्यासाठी सपाट पायडलच सोयीचे. याच कारणाने पायडलला दोरी किंवा पट्टा बांधून त्यात पाय अडकवू नका. पडताना पाय सुटत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: चप्पल-सँडलने जाणाऱ्यांनी चांगले रबरी किंवा जाड नायलॉनचे पायडल घ्यावे, बूट घालणाऱ्यांनी जाड नायलॉनचे किंवा बोथट उठावाचे ॲल्युमिनियमचे.

माप कसे घ्यावे?

जमिनीवर जुना पेपर पसरा. कामावर जाताना जे पायात घालता तेच घालून त्यावर उभे राहा आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढा. चवड्याची सर्वांत रुंद जागा पट्टीने मोजा. पायडलचा पाय ठेवण्याचा भाग एवढा रुंद असावा, फार तर एका बोटाने कमी. बाहेरची करंगळीकडची बाजू हवेत लोंबकळत असेल तर ते पायडल तुमच्यासाठी अरुंद आहे. पुढून मागे ते निदान चार बोटे तरी असावे.

कंपनीत सेफ्टी शूज घालणाऱ्यांनी बूट घालूनच माप घ्यावे. त्या बुटांचा तळ रुंद असतो. पायडल लहान असले की बूट आतल्या बाजूला सरकतो आणि घोटा दांड्याला घासतो. पावसाळ्यात गमबूट वापरणाऱ्यांचेही तेच.

फार रुंद घेण्याचाही मोह नको. वळताना सायकल कलते तेव्हा खूप रुंद पायडल रस्त्याला किंवा फुटपाथच्या कडेला टेकते. कोणत्याही पायडलला एक सवय उपयोगी पडते: ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचे पायडल वर ठेवावे आणि गतिरोधकावरून जाताना दोन्ही पायडल समान पातळीवर ठेवावेत.

दुकानात काय विचारावे?

जुने पायडल काढून सोबत न्या. मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचा आटा असतो, लहान मुलांच्या आणि काही वेगळ्या घडणीच्या सायकलींना १/२ इंचाचा. नुसते डोळ्यांनी बघून फरक कळत नाही. जुने सोबत असले की दुकानदार जुळवून देतो.

मग सांगा, "दादा, डाव्या-उजव्याची जोडी दाखवा." आसेच्या टोकावर बहुधा इंग्रजी 'एल' आणि 'आर' ही अक्षरे असतात. एल म्हणजे डावे, आर म्हणजे उजवे. एकच पायडल खराब झाले असेल तरी शक्यतो जोडी बदला. एक रुंद आणि एक अरुंद, एक जाड आणि एक पातळ असले तर दोन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर काम करतात.

पायडल हातात घेऊन फिरवा. मऊ आणि एकसारखे फिरले पाहिजे. वरून अंगठा दाबून ओढा, सरकतो की अडतो ते बघा. पुढच्या आणि मागच्या कडेला पिवळी चमकपट्टी असेल तर ते निवडा. रात्रपाळीहून परतताना मागच्या गाडीच्या उजेडात ही पट्टी वर-खाली हलताना दिसते आणि चालकाला पुढे सायकल आहे हे लांबूनच समजते. दोन दुकानांत भाव विचारा. चकचकीत रंगाचे पैसे देऊ नका, रुंदी, पकड आणि सरळ फिरणे यांचे द्या.

बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा

उजव्या पायडलचा आटा नेहमीसारखा असतो, डाव्याचा उलटा. पायडल मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून ही रचना केलेली आहे. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण डावे पायडल सैल करायला जातात आणि उलट घट्ट करून बसतात. सोपी खूण अशी: पाना पायडलच्या आसेवर उभा लावा. पान्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे ओढले की पायडल सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलले की घट्ट होते. दोन्ही बाजूंना हाच नियम. बहुतेक पायडलला १५ नंबरचा पाना लागतो.

आट्यांना थोडे ग्रीस लावा. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर पायडल तिरके लागले आहे किंवा बाजू चुकली आहे. तिथे पान्याने जोर केला तर दांड्याचे आटे कापले जातात. आठवडाभर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

पाऊल, सीट आणि पायताण

पायडल चांगले घेतले आणि पाऊल भलतीकडे ठेवले तर उपयोग नाही. चवड्याची रुंद जागा पायडलच्या आसेच्या बरोबर वर किंवा आसेच्या बोटभर पुढे यावी. टाचेने किंवा नुसत्या बोटांच्या टोकांनी पायडल मारू नये. बोटांनी मारले की पोटरी ओढली जाते, टाचेने मारले की जोर मिळत नाही आणि पाय सटकतो. सपाट पायडलचा फायदा असा की पाऊल आपल्या स्वाभाविक कोनात ठेवता येते. चालताना तुमची पावले किंचित बाहेर वळत असतील तर सायकलवरही तशीच वळू द्या. ओढून-ताणून सरळ ठेवू नका.

सीटची उंची बघायची रीत सोपी आहे. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तोच योग्य. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकावेत म्हणून पुष्कळ जण सीट फार खाली ठेवतात. त्याने गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. सीट फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ताण येतो. एका पायाचा चवडा जमिनीला टेकला तरी थांबायला पुरतो. सीट बदलायची तर एकदम नको, अर्ध्या-अर्ध्या इंचाने बदला आणि दोन-चार दिवस चालवून पाहा.

पायात शक्यतो मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट असावा. सैल चप्पल निसटू नये म्हणून बोटे सारखी आवळून धरावी लागतात आणि पाऊल थकते. तळ फार मऊ असेल तर पायडलच्या कडा आतपर्यंत टोचतात. साडी किंवा ओढणी चेनमध्ये आणि पायडलमध्ये गुंतू नये म्हणून ताईंनी पदर खोचून घ्यावा, ओढणी मागे गाठ मारून बांधावी आणि सायकलला चेनकव्हर आहे ना ते बघावे. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. त्या सायकली धाकट्या भावंडांकडे जातात तेव्हा सीट आणि पायडल पुन्हा एकदा तपासून द्या. मुलांना अनवाणी सायकल चालवू देऊ नका.

दवाखान्यात केव्हा जावे?

पायडल लागून नडगी फुटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, तंबाखू किंवा चुना भरू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. रस्त्याची धूळ-माती जखमेत गेलेली असते, म्हणून हे टाळू नये.

मधुमेह असलेल्यांना कधी कधी पायाला लागलेले कळतच नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या फटी उजेडात पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावे. सिकलसेल असलेल्यांनीही घोट्याजवळची जखम लहान समजू नये, ती चिघळू शकते.

सायकलवरून उतरल्यावर बोटांच्या मुंग्या थोड्या वेळात जातात. त्या तासन्‌तास राहत असतील, गुडघा सुजत किंवा अडकत असेल, पायऱ्या उतरताना पाय सोडून देत असेल, किंवा पायडल-सीट नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणारी गोळी खाऊन सायकल दामटत राहू नका. आणि डॉक्टरांना हेही सांगा की रोज किती वेळ सायकल चालवता. ते पुष्कळदा सांगायचेच राहून जाते.

रविवारी विहारात आपण सगळे जमतो, तेव्हा बाहेर सायकलींची रांग लागलेली असतेच. कार्यक्रम आटोपल्यावर वस्तीतल्या जाणत्या मुलांनी १५ नंबरचा पाना आणि ग्रीसची डबी घेऊन अर्धा तास तिथे उभे राहावे. वर सांगितलेल्या पाच तपासण्या करून, ज्यांच्या सायकलला नुसती दांडी उरली आहे त्यांची पायडले आधी बदलून द्यावीत. एकट्याला जोडी परवडत नसेल तर चार घरांनी मिळून खर्च उचलावा. सोमवारी पहाटे ती माणसे कामावर निघतील तेव्हा त्यांच्या पायाखाली धड पायडल असेल.